हरवलेली वस्तू परत यावी म्हणून तुम्ही सामानावर काय लिहिता?

शेवंती · ८ जुलै, रात्री ९:५०

मागच्या मंगळवारी माझी बॅग लोकलच्या रॅकवर राहिली. उतरताना एवढा लोंढा होता की पर्स आणि ओली छत्री सांभाळत कशीबशी प्लॅटफॉर्मवर आले, खांदा मोकळा वाटला तेव्हा लक्षात आलं, तोवर गाडी सुटलेली. लॅपटॉप वगैरे काही नव्हतं त्यात, पण आईचं कानाचं मशीन होतं, त्याच दिवशी दुरुस्त करून आणलेलं, आणि तिच्या औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्यांची फाइल. मशीन नसलं की ती कोणाशी बोलतच नाही, नुसती बसून राहते. त्यामुळे जीव खालीवर झाला होता.

स्टेशनवर सांगितलं, रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन केला. दुसऱ्या दिवशी गाडी जिथे संपते त्या स्टेशनवर गेले. तिथे टेबलामागे सात बॅगा, त्यातल्या पाच काळ्या. ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं, बॅग कशी आहे? म्हटलं काळी. कंपनी? आठवेना. चेन किती? बहुतेक तीन. बाहेरच्या कप्प्यात काय? तीन वर्षं रोज खांद्यावर असलेली बॅग आणि मला तिच्याबद्दल धड चार गोष्टी सांगता येईनात. बॅगेवर नाव नाही, नंबर नाही, काही नाही. मग त्यांनीच विचारलं, जेवणाचा डबा आहे का आत? आहे म्हटलं, स्टीलचा, झाकणावर ‘मामाकडून १९७८’ असं ठोकलेलं आहे. आईच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेल्या भांड्यांपैकी तो डबा, ती अक्षरं मी लहानपणापासून वाचत आलेय, १९७८मधला सात जरा तिरका आहे हेही सांगितलं. त्यांनी डबा काढून झाकणावर बोट फिरवलं आणि रजिस्टर सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आपण सामानावर काय लिहायला हवं, कुठे लिहायला हवं, कशाने लिहिलं तर टिकतं? नुसतं नाव पुरतं का? बायकांनी फोन नंबर लिहावा का? तुम्ही काय करता ते सांगा. ज्यांची वस्तू परत आली त्यांनी ती कशामुळे आली तेही सांगा प्लीज.

---

पायवाट · ८ जुलै, रात्री १०:२२

आईंचं मशीन मिळालं हे वाचून फार बरं वाटलं.

माझी एकच सूचना, पण ती अनुभवातून आलेली आहे. बॅगेवर स्वतःचा नंबर लिहू नका, घरच्या दुसऱ्या माणसाचा लिहा. मी स्वतःचा लिहिला होता आणि फोन बॅगेतच होता! ज्या भल्या माणसाला बॅग सापडली तो बिचारा फोन करत राहिला आणि फोन त्याच्याच हातातल्या बॅगेत वाजत राहिला. सायलेंटवर असता तर त्यालाही कळलं नसतं. शेवटी ‘आई’ नावाने आलेला कॉल त्याने उचलला म्हणून काम झालं.

---

जुना_डेपो · ८ जुलै, रात्री ११:०५

मी एसटीत बत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी डेपोत आली की कंडक्टर सीटा बघतो, राहिलेलं सामान आणून देतो, आम्ही त्याची नोंद करतो. तेव्हा टेबलाच्या अलीकडून सांगतो, कारण लोक नेहमी पलीकडून विचार करतात.

आमच्याकडे आलेल्या वस्तूला पहिल्यांदा आम्ही उघडून बघतो की काही पत्ता लागतो का. बाहेर लावलेलं लेबल बहुतेक वेळा तुटलेलं असतं, टपावर किंवा डिकीत घासून घासून जातं. म्हणून आत लिहा. बाहेर लिहायचं तर लिहा पण आत हवंच, आणि आत म्हणजे सगळ्यात वर, उघडल्या उघडल्या दिसेल असं. तळाशी कपड्यांच्या घडीत डायरी असेल आणि तिच्या तिसऱ्या पानावर नाव असेल तर ते कोण शोधणार, दुसऱ्याच्या सामानात तेवढा हात घालायला आम्हालाही नको वाटतं, त्यात बाईमाणसाची बॅग असली तर अजूनच.

दुसरं, नाव आणि गाव एवढंच लिहिणारे खूप. ‘पाटील, सांगली’. आता सांगलीत पाटील कुठे शोधू?

तिसरं, तिकीट उतरल्यावर टाकू नका, निदान घरी पोचेपर्यंत. कुठली गाडी, किती वाजताची, कंडक्टर कोण, हे त्यावरून काढता येतं. नाहीतर लोक येऊन म्हणतात ‘सकाळची लाल गाडी होती’. सकाळी डेपोतून चाळीस गाड्या सुटतात आणि बहुतेक लालच.

एक पिशवी अजून डोळ्यासमोर आहे. निळी, कापडी, हाताने शिवलेली. आत ज्ञानेश्वरी, चष्मा, आणि एका रुमालात बांधलेले एकशेसाठ रुपये. ज्ञानेश्वरीत जागोजागी पेन्सिलीने खुणा केलेल्या, म्हणजे रोज वाचणारं माणूस. नाव कुठेच नाही. पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, सगळं पुस्तक चाळलं. मुदत संपेपर्यंत कोणी आलं नाही. चष्म्याशिवाय ते माणूस काय करत असेल, हे मी घरी जाऊन बायकोला कितीदा बोललोय.

---

नीलमोहोर · ९ जुलै, सकाळी ७:४०

@जुना_डेपो, वाचून गलबलून आलं. आत्ता उठून माझ्या पोथीच्या पहिल्या पानावर नंबर लिहिला.

मला लेबलाची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. माझ्या मैत्रिणीने बॅगेवर पूर्ण नाव, मोबाईल, बिल्डिंगचं नाव, फ्लॅट नंबर सगळं बाहेरच्या बाजूला लावलं होतं, प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाने वाचून घेतलं आणि महिनाभर फोन करून छळ केला. तेव्हा बाहेर काय आणि आत काय हे वेगळं ठेवायला पाहिजे. मी बाहेर फक्त आडनाव आणि नवऱ्याचा नंबर लिहिते, पत्ता नाही. आणि किल्ल्यांच्या जुडग्यावर तर काहीच पत्ता लिहायचा नाही! किल्ली आणि घर दोन्ही एकत्र दिल्यासारखंच आहे ते. नुसता नंबर बास.

---

ओवी · ९ जुलै, सकाळी ९:१५

आमच्याकडे फलटणला पालखीचा मुक्काम असतो, घरात तीन पिढ्यांची वारी आहे, त्यामुळे एक गोष्ट सांगते जी शहरात कुणाच्या लक्षात येत नाही.

वारकऱ्यांचं सामान ट्रकमध्ये जातं आणि माणसं चालत जातात. वळकट्या, पिशव्या, पत्र्याच्या पेट्या, सगळं एका ट्रकात, आणि संध्याकाळी मुक्कामाला अंधारात आपापलं ओळखायचं. पूर्वी सामानावर गावाचा पत्ता लिहायचे, अमुक तालुका तमुक जिल्हा. पण वारीत पिशवी हरवली तर गावाच्या पत्त्याचा काय उपयोग? घरी कोणी नाही, घरचे सगळे वारीत! म्हणून आमचे आजोबा ऑइलपेंटने पिशवीवर मोठ्ठं लिहायचे, ‘रथामागे दिंडी क्र. अमुक’, त्याखाली आडनाव आणि विणेकऱ्याचं नाव. ज्याला सापडेल तो दिंडीचा क्रमांक बघतो आणि चालता चालता पोचवतो. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, चालायचा क्रम ठरलेला असतो, तळ कुठे पडणार तेही माहीत असतं, त्यामुळे शोधणाऱ्याला फार विचारावं लागत नाही.

म्हणजे पत्ता कुठला लिहायचा, तर वस्तू जिथे हरवू शकते तिथे चालेल असा. लग्नाला चाललात तर कार्यालयाचं नाव लिहा. मुलं सहलीला चालली तर सरांचा नंबर लिहा.

म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात पण आम्ही दिंडी क्रमांक आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड घालतो. माझी आजी वाखरीला चुकली होती, दीड तासात एका पोलीसमामांनी आणून सोडली. तिला दिंडीचा नंबर सांगता आला नसता, तिला फक्त माउली माउली एवढंच सुचत होतं.

---

जुना_डेपो · ९ जुलै, सकाळी ९:५८

@ओवी, अगदी अचूक. आम्ही नोंदवहीत हेच अनुभवलंय. परगावी हॉस्पिटलात आलेले लोक, पिशवीवर पत्ता दोनशे किलोमीटर लांबच्या गावचा, आणि पिशवी हवी आहे इथे, आज.

---

खडूफळा · ९ जुलै, दुपारी २:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे गणवेश सारखे, दप्तरं बऱ्याचदा सारखी, पाण्याच्या बाटल्या गावातल्या एकाच दुकानातल्या, त्यामुळे हरवणं कमी आणि अदलाबदल जास्त. पावसाळ्यात रेनकोट म्हणजे तर कहर, चाळीस निळे रेनकोट एका दोरीवर.

पहिलीच्या मुलांना नाव वाचता येत नाही हे मोठी माणसं विसरतात. आई झोकात नाव घालून देते आणि मूल दुसऱ्याचा डबा घेऊन घरी जातं. म्हणून मी पालकांना सांगते की नावाबरोबर एक चित्र काढा, मासा, फूल, पतंग, वर्षभर तेच. एका मुलीची आजी शाळा शिकलेली नाही, तिने नातीच्या सगळ्या वस्तूंना लाल दोऱ्याचे तीन टाके घातलेत, दप्तराला, स्वेटरला, टोपीला, अगदी रुमालाच्या कोपऱ्याला. त्या पोरीची एकही वस्तू आजवर हरवली नाही, कारण वर्गातल्या सगळ्या मुलांना ते तीन टाके पाठ आहेत.

कशाने लिहावं ते सांगते, हे मी करून करून शिकलेय. मार्कर पेनने प्लास्टिकवर लिहिलेलं दोन आठवड्यांत पुसलं जातं. लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर एक सत्र टिकतं. नेलपॉलिश खूप टिकतं, गडद वस्तूवर पांढरं किंवा चंदेरी घ्या. कापडावर शिवणंच बरं, साखळी टाक्याने नाव घातलं तर कपडा फाटेपर्यंत जात नाही.

आणि लहान मुलांचं नाव दप्तराच्या बाहेर मोठ्या अक्षरात नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला वाटतं ओळखीचे काका. नाव आतल्या झाकणाला लिहा.

---

काळीछत्री · ९ जुलै, रात्री ८:४५

टिकण्यावरून विषय निघाला म्हणून लिहितो. रत्नागिरीकडे आमचं छत्र्यांचं दुकान होतं. मे महिन्याच्या शेवटी दारात एक पेंटर बसायचा, काळ्या छत्रीवर पांढऱ्या रंगाने नाव घालून द्यायचा. काठाला धरून, कापडाच्या एका पाकळीत बसेल असं, पहिलं अक्षर नावाचं, दुसरं वडिलांचं, मग आडनाव. शाळा, बँक, देऊळ, कुठेही दारात पन्नास काळ्या छत्र्या उलट्या ठेवलेल्या असायच्या आणि सगळ्या सारख्या, नावाशिवाय कोण ओळखणार? घडी केल्यावरही नाव दिसलं पाहिजे ही गिऱ्हाइकाची अट असायची, म्हणून तो ते पट्टीच्या बाजूलाच घालायचा. छत्रीचं कापड मेणचट असतं, साधा रंग धरत नाही, आधी रॉकेलच्या बोळ्याने ती जागा पुसून घ्यायचा, सुकू द्यायचा आणि मग ऑइलपेंट.

आणि धोब्याची खूण आठवते का कुणाला? आमच्या आजोबांच्या धोतरांना कोपऱ्यात काळे ठिपके असायचे. बिब्ब्याच्या तेलाने ठिपका द्यायचा आणि वर चुना लावायचा, की तो डाग धोतर विरेपर्यंत जात नाही, कितीही भट्टीत घाला. इंग्रजीत बिब्ब्याला मार्किंग नट म्हणतात ते याच कामावरून. आता घरी कोणी प्रयोग करू नका, बिब्बा अंगाला लागला तर फोड येतात, आमच्याकडे एकाचा हात आठवडाभर सुजला होता. पण त्या खुणेत नाव नसायचं, पत्ता नसायचा. दोन ठिपके आणि एक रेघ म्हणजे आमचं घर. ज्याला वाचायचं त्याला वाचता येत होतं, बास.

---

पायवाट · ९ जुलै, रात्री ९:३०

@काळीछत्री, हे वाचून मुंबईचे डबेवाले डोळ्यासमोर आले. १८९० पासून चाललेलं काम आहे ते, आणि डब्यावर ना गिऱ्हाइकाचं नाव ना पूर्ण पत्ता. रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे असतात, कुठल्या भागातून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, तिथून कोणी न्यायचा, कुठली इमारत, कितवा मजला. वाटेत तो डबा तीन-चार हातांतून जातो आणि प्रत्येकाला आपल्यापुरतं काय ते त्यात दिसतं. संध्याकाळी त्याच खुणेवरून रिकामा डबा घरी परत. आपण नाव आधी लिहितो, पण सापडलेल्या माणसाला तुमचं नाव नकोय, त्याला पुढे काय करायचं ते हवंय. म्हणून मी आता असं लिहितो: ‘सापडल्यास कृपया या नंबरवर फोन करा, येऊन घेऊन जाईन.’ शेवटचे शब्द फार महत्त्वाचे आहेत, नाहीतर समोरच्याला वाटतं आता मला हे कुठे पोचवावं लागतंय कोण जाणे.

---

बेल्ट_नंबर_चार · १० जुलै, पहाटे १:१०

विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे, आत्ताच ड्युटी संपली. परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी मुद्दाम लिहितोय.

बॅग आली नाही तर बाहेर पडायच्या आधी, म्हणजे कस्टमच्या अलीकडेच, एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे सामान मिळालं नसल्याचा रिपोर्ट करून घ्या आणि त्याचा नंबर घ्या. घरी जाऊन फोन करू असं म्हणू नका. तेव्हा तुम्हाला एक चित्रांचा तक्ता दाखवतात, जगभर तोच असतो, त्यावर बॅगांचे प्रकार आणि रंग छापलेले आहेत, त्यातलं आपलं चित्र दाखवायचं. काळी उभी चाकांची बॅग म्हणजे बीके २२. माझ्या शिफ्टमध्ये सगळ्यात जास्त रिपोर्ट बीके २२ चेच असतात. म्हणून नुसतं काळी बॅग सांगून उपयोग नाही, कुठे खरचटलंय, हँडलला काय बांधलंय, एक चाक बदललेलं आहे का, हे सांगा. निघायच्या आधी घरी बॅगेचे दोन फोटो काढा, एक बाहेरून आणि एक उघडून, भरलेली असताना. दुसरा फोटो सगळ्यात कामाचा. टॅग तुटला तर बॅग उघडून आतल्या वस्तूंवरून जुळवतात, आणि तेव्हा ‘कपडे’ असं लिहिलेलं असेल तर काय जुळवणार? ‘जांभळी पैठणी, पितळी खलबत्ता, भाजणीची तीन पाकिटं’ असं असेल तर एका मिनिटात जुळतं.

बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा म्हणजे दहा आकडी नंबर, तो जपा. जुन्या प्रवासाचे टॅग आणि ते छोटे स्टिकर काढून टाका, मशीन चुकीचं वाचतं. रिबिनी बांधतात लोक, त्या बेल्टमध्ये अडकून तुटतात, त्यापेक्षा रंगीत पट्टा किंवा बॅगेवरच रंगवलेली खूण बरी. आणि आत वर एक कागद, त्यावर जिथे जाताय तिथला पत्ता आणि फोन, तारखेसकट. @ओवी म्हणाल्या तेच. पुण्याचा पत्ता आणि बॅग शिकागोत, मग ती पुण्याला यायला निघते आणि आजी-आजोबा तिकडे शिकागोत बसलेले.

बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडकी मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आंतरराष्ट्रीय प्रवासाला हा नियम आहे. आणि सिक्युरिटी चेकच्या ट्रेमध्ये घड्याळ, पट्टा, लॅपटॉप राहिला तर तो बहुतेक विमानतळांवर सीआयएसएफकडे, म्हणजे तिथल्या सुरक्षा दलाकडे जातो, त्यांच्या वेबसाइटवर विमानतळानुसार सापडलेल्या वस्तूंची यादी असते. बघत जा, लोक बघत नाहीत.

---

नीलमोहोर · १० जुलै, सकाळी ८:०५

भरलेल्या बॅगेचा फोटो! इतकी सोपी गोष्ट. आजपासून.

लोकलमध्ये राहिलं तर नक्की काय सांगायचं असतं १३९ला? @शेवंती तुम्ही काय सांगितलंत?

---

शेवंती · १० जुलै, सकाळी ८:४०

त्यांनी विचारलं तेव्हा मला कळलं काय काय लागतं ते. कुठून कुठे जाणारी, किती वाजताची, स्लो की फास्ट. बारा डब्यांची की पंधरा. सीएसएमटीच्या बाजूने कितवा डबा, लेडीज की जनरल की फर्स्ट क्लास. रॅक उजवीकडची की डावीकडची, आणि कुठल्या दिशेला तोंड करून ते पण सांगायचं. मी कुठे चढले, कुठे उतरले, कुठल्या प्लॅटफॉर्मला. हे मी सगळं सांगू शकले कारण रोज त्याच डब्यात त्याच जागी उभी असते. बॅग सांगता आली नाही, पण जागा बरोबर सांगितली म्हणून पुढच्या स्टेशनवर माणूस नेमका त्या रॅकपाशी गेला.

आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन अमानत’ म्हणून मोहीम आहे हेही तिथेच कळलं. सापडलेल्या सामानाचे फोटो आणि वर्णन रेल्वेच्या वेबसाइटवर टाकतात, आपलं ओळखून, ओळखपत्र दाखवून न्यायचं.

---

तोक्योतून · १० जुलै, दुपारी १२:२०

इकडे जपानमध्ये वस्तू परत मिळतात याचं सगळे कौतुक करतात आणि ते खरंच आहे, पण त्यामागे नुसता चांगुलपणा नाही, पद्धत आहे. प्रत्येक मोहल्ल्यात पोलिसांची छोटी चौकी असते, कोबान म्हणतात, सापडलेलं तिथे नेऊन दिलं की कागद बनतो. आणून देणाऱ्याला मालकाकडून किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागायचा हक्क कायद्यानेच आहे आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू आणून देणाऱ्याची होऊ शकते. फोन, कार्डं, ज्यात माणसाची खासगी माहिती आहे ते मात्र त्याला मिळत नाही. पूर्वी मुदत सहा महिने होती, २००७ ला तीन केली.

माझं पाकीट राहिलं होतं ट्रेनमध्ये. चौकीतल्या बाईंनी पाकीट दाखवलंच नाही, आधी मलाच विचारत राहिल्या. रंग काय, चेन आहे का बटण, नोटा कुठल्या नि किती, अजून काय आहे आत. मी म्हटलं गणपतीचा छोटा फोटो आहे, कडा दुमडलेला. मग हसून पाकीट टेबलावर ठेवलं.

---

कलम_कायदा · १० जुलै, दुपारी ३:००

@तोक्योतून यांच्यावरून आपल्याकडचं सांगते, वकिली करते. आपल्याकडे सापडलेली वस्तू ‘सापडली म्हणून माझी’ होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ असं सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडून तुम्ही ती ताब्यात घेतलीत की ती सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते, कोणी विश्वासाने ठेवायला दिल्यासारखी. मालक कोण ते कळत असून किंवा शोधायचा नीट प्रयत्न न करता ती वापरली तर तो गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, पूर्वीचं आयपीसी ४०३. उलट मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर सापडलेल्याला ते मागता येतं, कलम १६८, आणि मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवता पण येते.

आता याचा लेबलाशी संबंध बघा. नाव-नंबर असलेली वस्तू कोणी ठेवून घेतली तर ‘मालक कळलाच नाही’ हे त्याला म्हणता येत नाही. चिठ्ठी एवढं काम करते.

मोबाईलचं वेगळं. *#०६# दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आजच लिहून घरात ठेवा, फोनमध्येच नको. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग संचार साथी पोर्टलवरून तो नंबर ब्लॉक करता येतो, मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. आणि लॉक स्क्रीनवर घरच्यांचा नंबर दिसेल अशी सेटिंग बहुतेक फोनमध्ये असते, पाच मिनिटांचं काम आहे.

---

नीलमोहोर · १० जुलै, संध्याकाळी ६:१५

अजून एक सांगायचं राहिलं, वस्तू सापडली तर ग्रुपवर कसं टाकायचं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने सोन्याच्या कानातल्याचा फोटोच टाकला, ‘हे कोणाचं?’ तीन जणींनी माझं म्हणून सांगितलं, आणि तिघीही खोटं बोलत नव्हत्या बहुतेक, तशीच कुडी तिघींकडे होती. मग भांडणं. फोटो टाकायचा नाही! ‘बागेजवळ दागिना सापडलाय, ज्यांचा असेल त्यांनी काय, कसा, फिरकी कशी ते सांगा’ एवढंच.

हरवलेल्यानेही सगळं वर्णन जाहीर करू नये, एक खूण स्वतःकडे ठेवावी. ‘सापडलंय, आधी पैसे पाठवा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ म्हणणारे फोन येतात, त्यांना ती एक खूण विचारायची. ज्याच्या हातात वस्तू खरोखर आहे तो बघून सांगेल.

---

जुना_डेपो · १० जुलै, रात्री ८:५०

@नीलमोहोर, आम्हीही तसंच करायचो. पिशवी टेबलाखाली आणि प्रश्न आधी. एकदा एक आजोबा आले, वस्तू काय ते सांगता येईना, घाबरलेले. म्हटलं बाबा, सावकाश सांगा, वासावरून सांगा. म्हणाले, तंबाखू आणि कापूर. पिशवी उघडली, खरंच तंबाखू आणि कापूर.

---

ओवी · ११ जुलै, सकाळी १०:३०

@शेवंती, आईंचं मशीन आता कशात ठेवता? माझ्या सासूबाईंचं पण आहे, एवढीशी वस्तू, त्यावर लिहिणार कुठे?

---

शेवंती · ११ जुलै, रात्री ९:२०

मशीनवर जागा नाही, पण डबीवर आहे. डबीच्या झाकणात आत कागद चिकटवला, ‘कानाचं मशीन आहे, कृपया फेकू नका, फोन करा’ आणि भावाचा आणि माझा, दोन नंबर. फेकू नका हे मुद्दाम लिहिलं कारण न ओळखणाऱ्याला तो प्लास्टिकचा तुकडा वाटतो. मशीनवर एक सीरियल नंबर असतो बारीक, तो भिंग लावून वाचला आणि पावतीबरोबर लिहून ठेवला. बॅगेत वर कागद ठेवला, आतल्या अस्तरावर पण लिहिलं, फोटो काढले.

आणि काल डबा घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले, तिथे नाव घालायचं मशीन आहे. आईला विचारलं काय घालू, तर म्हणाली मामांच्या अक्षरांना हात लावू नको, खाली जागा आहे तिथे घाल. म्हणून ‘मामाकडून १९७८’च्या खाली दहा आकडे आले.

---

ओवी · ११ जुलै, रात्री ९:३३

ठोकून घेतलंत की मशीनने? मशीनचं घासणीने पुसट होतं म्हणतात.

---

शेवंती · ११ जुलै, रात्री ९:४१

मशीनने. दुकानदार म्हणाला खोल घालतो, पुन्हा पुसट झालं तर आणा, फुकट घालून देईन. ठोकून देणारे एक काका आधी मंडईपाशी बसायचे, आता दिसत नाहीत. तुमच्याकडे फलटणला कोणी आहे का अजून?

---

ओवी · ११ जुलै, रात्री ९:५६

आहेत एकजण, शुक्रवारी बाजारात बसतात. सासूबाईंची डबी घेऊन जाते या आठवड्यात, दिंडीचा नंबर पण घालून घेते.